स्टेंटचे पैसे दिलेत, आता चालायला शिकवण्याचेही द्या

प्रति,
मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री, महाराष्ट्र राज्य
आणि राज्य आरोग्य हमी सोसायटीचे अधिकारी

सविनय नमस्कार.

मी फिजिओथेरपिस्ट आहे. सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी, बाजारपेठेत माझा दवाखाना आहे. माझ्याकडे लोक गुडघे, कंबर, मान आणि खांदे दाखवायला येतात. हृदयाचा रुग्ण माझ्याकडे कुणी पाठवत नाही. तरीही ते येतात, खांदा आखडला म्हणून. अटॅक आल्यापासून तीन-चार महिने डावा हात अंगाशी धरून बसलेले असतात. विचारले की सांगतात, "हार्ट डाव्या बाजूला असतंय ना मॅडम, ताण नको म्हणून हलवला नाही." त्यातले बरेच जण मधुमेही, म्हणजे खांदा आखडायला आधीच निमित्त. हात वर जाईनासा झाला, सदरा घालता येईना, की शेक घ्यायला माझ्याकडे येतात.

मी त्यांचे डिस्चार्ज कार्ड मागून घेते. कोणती रक्तवाहिनी बंद होती, स्टेंट (रक्तवाहिनी उघडी ठेवणारी जाळी) किती मिलिमीटरचा घातला, गोळ्या कोणत्या आणि कधी, सगळे नीट लिहिलेले असते. व्यायामाच्या जागी इंग्रजीत एक ओळ असते: विश्रांती घ्या, श्रम टाळा. किती दिवस? कोणते श्रम? त्यानंतर काय? कार्डावर काही नसते, आणि विचारायला माणूसही नसतो.

त्या एका ओळीबद्दल, आणि झटक्यानंतर मोजून व्यायाम शिकवणाऱ्या 'हृदय पुनर्वसना'बद्दल मी हे पत्र लिहिते आहे. उघड अशासाठी, की वाचणाऱ्यांपैकी अनेकांच्या घरी असे कार्ड प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून कपाटात ठेवलेले असेल.

आधी जमेची बाजू सांगते, कारण ती खरी आहे. 2012 साली आठ जिल्ह्यांत सुरू झालेली जीवनदायी योजना पुढच्या वर्षी राज्यभर गेली, 2017 मध्ये तिला महात्मा जोतिराव फुले यांचे नाव मिळाले आणि आता कुटुंबाला पाच लाखांपर्यंतचे संरक्षण आहे. फेब्रुवारी 2017 मध्ये केंद्राने औषधाचा लेप असलेल्या स्टेंटची किंमत 29,600 रुपयांवर बांधून टाकली. 'स्टेमी महाराष्ट्र' या सरकारी उपक्रमामुळे तालुक्याच्या ठिकाणी काढलेला ईसीजी लांबचा तज्ज्ञ पाहू शकतो. अँजिओप्लास्टीसाठी जमीन गहाण पडलेली घरे मी लहानपणी पाहिली आहेत. आज आमच्या भागातला अल्पभूधारक शेतकरी अँजिओप्लास्टी करून घरी येतो आणि जमीन जागेवर असते. हे श्रेय आपल्या खात्याचे आहे आणि ते कुणी नाकारू नये.

पण रुग्णालयाच्या फाटकातून रुग्ण बाहेर पडला की हे सगळे थांबते. रक्तवाहिनी उघडली, माणूस तसाच बंद राहिला.

माझ्या थोरल्या दिरांचे सांगते. वय एक्कावन्न. योजनेतून एका मोठ्या शहरातल्या रुग्णालयात अँजिओप्लास्टी झाली. वेळेत झाली, चांगली झाली. हृदयाची पंपिंग क्षमता, म्हणजे इजेक्शन फ्रॅक्शन, 55 टक्के. डॉक्टरी भाषेत हा कमी जोखमीचा रुग्ण. घरी आल्यावर त्यांना ओसरीवर खाट टाकून दिली. भेटायला येणारा प्रत्येक जण एक मनाई ठेवून गेला: जिना नको, वाकू नका, थंड पाण्याने अंघोळ नको, मोठ्याने बोलू नका. दिवाळीला आम्ही गावी गेलो तेव्हा दोन्ही म्हशी विकलेल्या होत्या. "धार काढायला बसणं आता झेपायचं नाही," म्हणाले. हाताने धार काढायला जेवढा जोर लागतो तेवढा सपाट रस्त्यावर नेहमीच्या वेगाने चालायलाही लागतो. हे त्यांना कुणी सांगितले नव्हते, कारण सांगणे हे कुणाचे कामच नव्हते. दुधाचा पगार गेला तो हृदयामुळे नव्हे, भीतीमुळे. घरचे दूध बंद झाले, डेअरीचे खाते बंद झाले, आणि हा तोटा आपल्या कुठल्याच तक्त्यात दिसणार नाही.

52 देशांतल्या रुग्णांवर झालेल्या आणि 2004 मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'इंटरहार्ट' अभ्यासात दक्षिण आशियातल्या लोकांना पहिला झटका येण्याचे सरासरी वय 53 होते. इतरांचे जवळपास 59. म्हणजे आपल्याकडे हा आजार कर्त्या माणसाला गाठतो. त्याला घरी पाठवताना 'आराम करा' म्हणणे म्हणजे घराला आराम करायला सांगणे.

पडून राहण्याचा हा सल्ला आला कुठून? गेल्या शतकाच्या सुरुवातीला झटक्यानंतर सहा-सहा आठवडे अंथरुणात ठेवत असत. 1952 साली बोस्टनमध्ये सॅम्युअल लेव्हाइन आणि बर्नार्ड लाउन यांनी 81 रुग्णांना लवकर उठवून खुर्चीत बसवले, आणि डॉक्टरमंडळी हादरली असली तरी रुग्णांचे बरेच झाले. 1966 मध्ये डॅलसला पाच निरोगी, विशीतल्या तरुणांना तीन आठवडे अंथरुणावर झोपवून ठेवले. तीस वर्षांनी त्याच पाच जणांना पुन्हा तपासले तेव्हा दिसले, की तीस वर्षांच्या वयाने त्यांची दमछाक सोसण्याची ताकद जेवढी घटवली नव्हती, तेवढी त्या तीन आठवड्यांनी घटवली होती. हे निरोगी पोरांचे. आमच्या ओसरीवरच्या खाटेवर झटका येऊन गेलेला, मधुमेह असलेला, पन्नाशीचा माणूस असतो.

याच्या उलट बाजूचा पुरावाही जुना आणि भक्कम आहे. कोक्रेन ही संस्था वैद्यकीय प्रयोगांचे निकाल एकत्र करून तपासते. तिच्या 2016 च्या आढाव्यात 63 चाचण्या आणि चौदा हजारांवर रुग्ण होते. व्यायामावर आधारलेले पुनर्वसन घेतलेल्यांमध्ये हृदयविकाराने होणारे मृत्यू सुमारे एक चतुर्थांशाने कमी, पुन्हा रुग्णालयात दाखल होणेही कमी. एवढा फायदा देणारी एखादी गोळी असती तर ती आपल्या औषधांच्या यादीत केव्हाच आली असती आणि तिच्या खरेदीची निविदाही निघाली असती.

आता माझ्या तक्रारी. सगळ्या सारख्या वजनाच्या नाहीत.

पहिली आणि सर्वांत मोठी: योजना दाखल रुग्णाभोवती उभी आहे. खाटेवर असेपर्यंत पैसे, खाट सुटली की पैसे संपले. हृदयाचे पुनर्वसन तर खाट सुटल्यावरच सुरू होते. आठवड्यातून दोन-तीन वेळा, बारा आठवड्यांच्या आसपास, बाह्यरुग्ण म्हणून. अमेरिकेतली मेडिकेअर ही ज्येष्ठांची सरकारी विमा योजना अशा 36 सत्रांचे पैसे देते. आपल्याला ही कल्पना परकी नाही. योजनेच्या जुन्या रचनेत 971 उपचारांच्या जोडीला 121 पाठपुरावा सेवा होत्या. म्हणजे उपचारानंतर तपासणी, चाचण्या आणि औषधे द्यावी लागतात हे तत्त्व आपण केव्हाच मान्य केले आहे. त्या तत्त्वात व्यायाम बसवायचा आहे, एवढेच.

दुसरी: जागाच नाहीत. हृदय पुनर्वसनाच्या जागतिक पाहणीनुसार भारतात दरवर्षी साधारण 360 हृदयरुग्णांमागे पुनर्वसनाची एक जागा आहे, आणि ती बहुधा मोठ्या शहरातल्या खासगी रुग्णालयात. माझ्या तालुक्यातल्या माणसाने आठवड्यातून तीनदा पुणे गाठायचे का?

तिसरी बायकांची आहे, आणि तिच्याकडे कुणाचे लक्षच नाही. पुरुषाला झटका आला की त्याला झोपवतात. बाईला झटका आला की दुसऱ्या आठवड्यात ती चुलीपुढे असते. "घरकाम म्हणजे व्यायामच की," असे तिला सुशिक्षित माणसेही सांगतात. पाण्याने भरलेली कळशी कमरेवर घेऊन, श्वास रोखून उंबरा ओलांडणे हा व्यायाम नव्हे. श्वास रोखून जोर लावला की रक्तदाब एकदम चढतो, आणि नेमके तेच सुरुवातीच्या आठवड्यांत टाळायचे असते. म्हणजे पुरुषाला गरजेपेक्षा कमी, बाईला गरजेपेक्षा जास्त आणि चुकीचे. मोजून कुणालाच नाही. माझ्याकडे खांद्यासाठी येणाऱ्या हृदयरुग्णांत बायका अगदी थोड्या. त्यांचे खांदे आखडायला त्यांना बसू कोण देते?

चौथी: आमच्या व्यवसायाकडे बघण्याची नजर. सरकारी रुग्णालयात फिजिओचा विभाग असतो तिथे शेक द्यायचे यंत्र असते, ट्रॅक्शन असते, आणि बाहेर रांगेत गुडघे नि पक्षाघात. हृदय आणि फुप्फुसांचे पुनर्वसन आम्ही पदवीला शिकतो. महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठात त्याची पदव्युत्तर शाखाही आहे. शिकलेले वापरायला रुग्णच येत नाहीत, कारण हृदयविभागाकडून आमच्या विभागाकडे चिठ्ठी येत नाही. कंत्राटावर काम करणारे माझे सहकारी तर दर वर्षी मुदतवाढीच्या पत्राची वाट बघत बसलेले असतात. त्यांनी नवे काही सुरू करायचे म्हटले तरी कुणाच्या भरवशावर?

आता या पुनर्वसनात प्रत्यक्षात करतात काय, ते थोडे लिहिते. मंत्रालयात कुणीतरी 'कार्डिॲक रिहॅब' म्हटले की वातानुकूलित दालन आणि परदेशी ट्रेडमिलची रांग डोळ्यांपुढे येत असावी, आणि फाइल तिथेच मिटत असावी.

सुरुवातीला लागतो तीस मीटरचा सरळ व्हरांडा. रुग्णाला सहा मिनिटांत जमेल तेवढे चालायला सांगायचे, दमला तर थांबू द्यायचे, अंतर मोजायचे. आधी आणि नंतर नाडी, रक्तदाब, ऑक्सिजन. या सहा मिनिटांच्या चाचणीवरून कुठून सुरुवात करायची याचा चांगला अंदाज येतो. मग दर वेळी पाच-दहा मिनिटे अंग मोकळे करणे, चालणे किंवा सायकल, हलकी वजने, शेवटी हळूहळू वेग उतरवणे. दर आठवड्याला थोडे वाढवायचे. छातीत दुखले, घेरी आली, धाप बसेना तर लगेच थांबायचे. जिभेखालची गोळी कधी आणि बसूनच का घ्यायची, हे घरच्यांसमोर शिकवायचे.

यात एक मेख आहे, आणि माणूस समोर लागतो तो तिच्यासाठी. झटक्यानंतर बहुतेकांना मेटोप्रोलॉलसारखी गोळी चालू असते. ती नाडीचा वेग फारसा वाढू देत नाही. मुलाने मोबाइलवर '220 वजा वय' असे नाडीच्या कमाल वेगाचे गणित बघून वडिलांच्या मनगटावर घड्याळ बांधलेले असते, आणि नाडी 'तिथपर्यंत' जाईना म्हणून वडील जोरात चालत सुटतात. अशा वेळी आम्ही नाडीच्या आकड्यावर न थांबता दम किती लागला हे रुग्णालाच विचारतो. स्वीडनच्या गुन्नार बोर्ग यांनी त्यासाठी 6 ते 20 अशी मोजपट्टी बनवली आहे. आमच्याकडच्या वारकऱ्यांना मी ती माझ्या पद्धतीने सांगते: चालता चालता अभंग म्हणता येत असेल तर थोडा वेग वाढवा, अभंग जमत नाही पण शेजाऱ्याशी बोलता येते, तर ठीक चालले आहे, बोलणेही तुटायला लागले की वेग कमी करा.

वारीचा विषय निघालाच आहे तर हेही. आषाढ जवळ आला की मला हमखास प्रश्न येतो, "मॅडम, औंदा वारी करू का?" दुसरा तितकाच खरा प्रश्न रात्रीच्या पाण्याचा. शेतीची वीज रात्री येते. पाळी आली की दोन वाजता उठून, थंडीत, चिखलातून मोटर चालू करायला जायचे. तिसरा प्रश्न नवराबायकोच्या संबंधांचा, तो दार लोटून, खाली बघून विचारतात किंवा विचारतच नाहीत. या तिन्ही प्रश्नांना बाहेर एकच उत्तर मिळते: "नको". खरे तर ज्याला दोन जिने थांबल्याशिवाय, छातीत न दुखता चढता येतात, त्याला तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर बहुधा 'हो' असे देता येते. वारीला सगळी वाट चालायची की काही टप्पे दिंडीच्या ट्रकने, हे बारा आठवड्यांच्या तयारीनंतर चाचणी घेऊन ठरवता येते. नुसत्या 'नको'ने माणूस थांबतो असे आपल्याला वाटते का? काही जण थांबतात आणि खचतात. बाकीचे कुणाला न सांगता जातात.

आक्षेप मला ठाऊक आहेत. व्यायाम करताना पुन्हा झटका आला तर? देखरेखीखालच्या व्यायामात हृदय बंद पडण्याचे प्रमाण अमेरिकेतल्या नोंदींनुसार सुमारे एक लाख रुग्ण-तासांमागे एक आहे. शून्य नाही, म्हणून प्रशिक्षित माणूस, हृदयाला विजेचा झटका देणारे यंत्र (डिफिब्रिलेटर) आणि हाकेच्या अंतरावर डॉक्टर हवाच. पण सगळे रुग्ण एका मापाचे नसतात. पंपिंग 50 टक्क्यांच्या वर, छातीत दुखणे नाही, ठोके नियमित, अशांना तालुक्याच्या रुग्णालयात व्यायाम देता येतो. पंपिंग 40 च्या खाली असेल किंवा ठोक्यांची गंभीर गडबड असेल, त्यांना जिल्हा रुग्णालयात किंवा वैद्यकीय महाविद्यालयातच. ज्यांचे दुखणे अजून निवलेले नाही त्यांना आधी हृदयरोगतज्ज्ञाकडे परत. ही चाळणी लावायला एक पानी तक्ता पुरतो.

दुसरा आक्षेप पैशाचा. त्याचे कमी खर्चाचे उत्तर भारतातच आहे. 24 रुग्णालयांत 3,959 रुग्णांवर 'योग-केअर' नावाची चाचणी झाली, तिच्या खर्चात भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचाही वाटा होता. बारा आठवड्यांत योगावर आधारलेली तेरा सत्रे. निकाल जसा आहे तसा सांगते: मृत्यू आणि पुन्हा झटका यांत निश्चित म्हणावा असा फरक सिद्ध झाला नाही. पण योग गटातल्या लोकांची तब्येत त्यांच्या स्वतःच्या मते अधिक सुधारली आणि ते आपल्या आधीच्या कामांकडे अधिक प्रमाणात परतले. माझ्या दिरांच्या म्हशी त्या दुसऱ्या वाक्यात येतात. आयुष्मान आरोग्य मंदिरांत योगवर्ग घेण्याची व्यवस्था आपण केलीच आहे. त्यातल्या शिक्षकांना एवढे तरी सांगा, की झटका येऊन गेलेल्याला कुंभक (श्वास रोखून धरणे) आणि जोरकस कपालभाती करायला लावू नका.

जर्मनीत 1965 साली शोर्नडॉर्फ नावाच्या छोट्या शहरात स्थानिक क्रीडासंस्थेच्या मदतीने हृदयरुग्णांचा व्यायामगट सुरू झाला. आज तिथे असे गट देशभर आहेत. आपल्याकडे ज्येष्ठ नागरिक संघ आहेत, हास्यक्लब आहेत, गावोगावी सभामंडप रिकामे आहेत. पहिली पायरी सरकारने घातली तर पुढची गावे घालतील, असे मला माझ्या गावावरून वाटते.

माझ्या मागण्या:

1. अँजिओप्लास्टी आणि बायपासच्या पॅकेजला जोडून हृदय पुनर्वसनाचे स्वतंत्र पाठपुरावा पॅकेज द्यावे: सुरुवातीची चाचणी, बारा आठवड्यांत किमान 24 सत्रे आणि शेवटची चाचणी. जे रुग्ण केवळ औषधांवर बरे झाले त्यांनाही ते मिळावे.

2. डिस्चार्ज कार्डासोबत मराठीत एक पान सक्तीचे करावे. पहिल्या सहा आठवड्यांत काय करायचे, काय नाही, कामावर कधी, आणि पुनर्वसनासाठी कुठे, कोणत्या तारखेला. हे पान जोडल्याशिवाय रुग्णालयाचा दावा मंजूर करू नये. सक्ती कडक वाटेल. पण दावा अडतो म्हटले की कागद बनतो, हे आपल्याला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे.

3. प्रत्येक जिल्हा रुग्णालयात हृदय पुनर्वसन कक्ष आणि कमी जोखमीच्या रुग्णांसाठी तालुक्याच्या रुग्णालयात आठवड्यातून ठरलेले दिवस. त्यातला एक दिवस आठवडी बाजाराचा ठेवा. त्या दिवशी माणसे तालुक्याला येतातच.

4. सध्या नोकरीत असलेल्या फिजिओंना वैद्यकीय महाविद्यालयांत अल्प मुदतीचे प्रशिक्षण, त्यात आणीबाणीतली जीवरक्षक कौशल्येही. रिक्त पदे भरावीत आणि कंत्राटी सहकाऱ्यांची मुदत निदान एवढी असावी, की सुरू केलेला रुग्ण त्यांना पूर्ण करता येईल.

5. डायलिसिस आणि सिकलसेलच्या रुग्णांना एसटीत सवलत आहे. हृदय पुनर्वसनाला येणाऱ्यांना ती बारा आठवड्यांपुरती द्यावी. महिलांना अर्धे तिकीट आहे आणि पंच्याहत्तरी ओलांडलेल्यांना प्रवास मोफत. पन्नाशीतल्या पुरुषाला मात्र पूर्ण भाडे पडते, आणि तिसऱ्या खेपेनंतर तो येईनासा होतो.

6. योजनेतून किती हृदयरुग्णांवर उपचार झाले, त्यांतल्या कितींना पुनर्वसनाला पाठवले आणि कितींनी ते पूर्ण केले, हे जिल्हावार आकडे दर वर्षी जाहीर करावेत. बायकांचे आकडे वेगळे.

कक्ष उभे राहायला वेळ लागेल, हे मला समजते. दुसऱ्या मागणीला मात्र इमारत लागत नाही, पद लागत नाही, निविदा लागत नाही. ते पान मी आणि माझ्या काही सहकाऱ्यांनी सोप्या मराठीत लिहून ठेवले आहे. आपल्या हृदयरोगतज्ज्ञांनी तपासून हवे तसे बदलावे. आमच्या तालुक्याच्या रुग्णालयाने व्हरांडा आणि डॉक्टरांची उपस्थिती दिली तर आठवड्यातल्या दोन दुपारी मी तिथे विनामूल्य काम करायला तयार आहे, पॅकेज येईपर्यंत. त्यासाठीचा अर्ज मी रीतसर वेगळा देत आहे.

या पत्राला 'बाब विचाराधीन आहे' असे उत्तर येऊ नये ही विनंती. परिपत्रक निघणार असेल तर ते कधी निघेल हे कळवावे. निघणार नसेल तर कोणत्या कारणाने, तेही लेखी कळवावे.

आपली,
तालुक्यातली एक फिजिओथेरपिस्ट
जि. सातारा